जोगलटेंभी ते गुलशनाबाद

सिन्नर तालुक्यात दारणा नदी गोदावरीला मिळते, त्या संगमावर जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. साठे तसे सापडत असतातच. कुणाच्या नांगराला हंडा लागतो, कुणाच्या घराचा पाया खोदताना गाडगं फुटतं, आणि महिन्याभरात त्यातलं बरंचसं सराफाच्या मुशीत वितळतं. जोगलटेंभीचा साठा वाचला. तो रेव्हरंड एच. आर. स्कॉट नावाच्या पाद्र्याच्या हाताखालून गेला आणि या पाद्र्याने एक अत्यंत कंटाळवाणं काम केलं. त्याने नाणी मोजली आणि लावली.

नाणी होती सुमारे १३,२५०. एकेक नाणं साधारण दोन ग्रॅमचं, म्हणजे पंचवीस किलोच्या पुढे चांदी. सगळी क्षहरात राजा नहपान याच्या टांकसाळीतली. एका बाजूला राजाचा चेहरा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, त्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्टी. यातल्या ९,२७० च्या आसपास नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला होता. नाणी वितळवून नवी पाडण्याच्या खटाटोपात तो पडला नाही. जुन्या नाण्यावरच एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात ते, असे घाव घातले. घाव नीट बसला नाही तिथे खालून नहपानाचं नाक नाहीतर हनुवटी अजून दिसते.

स्कॉटने या नाण्यांवर एक शोधनिबंध लिहिला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो छापून आला. त्यातला एक तर्क असा होता की नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत, कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक वेगळं. तेव्हा ‘नहपान’ हे नाव घराण्यातल्या अनेकांनी वापरलं असावं. हा तर्क पुढे फारसा टिकला नाही. मोजदाद मात्र आजही टिकून आहे. दर तीन नाण्यांमागे दोन पुन्हा ठोकलेली, एक कोरी, हे प्रमाण आपल्याला माहीत आहे, कारण साठा फुटण्याआधी कुणीतरी तो सबंध पाहिला. व्यापाऱ्याने त्यातली देखणी नाणी आधी उचलली असती तर हे प्रमाण कायमचं गेलं असतं. नाणी उरली असती, इतिहास गेला असता.

पाद्र्याचा पोटापाण्याचा उद्योग नाण्यांचा नव्हता. त्याला हौस होती. नाशिकच्या इतिहासाचा निम्माअधिक भाग अशा हौशी लोकांनी उभा केला आहे, आणि गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मीही अशाच काही लोकांबरोबर हिंडतो, म्हणून हे लिहितो आहे.

पांडवलेण्यांचं उदाहरण घ्या. मुंबई-आग्रा रस्त्यावरून येता-जाता दिसणारा तो डोंगर, त्यात २४ लेणी. तिथले शिलालेख उतरवून घेण्याचं काम एकोणिसाव्या शतकात लष्करातले अधिकारी, पाद्री, सरकारी नोकर असे सगळे फावल्या वेळात करत होते. पण माझ्या मनात भरलेला माणूस वेगळाच आहे. भगवानलाल इंद्रजी. जुनागढचा. जन्म १८३९ चा. धड इंग्रजी शिक्षण नाही. गावाशेजारी गिरनारच्या पायथ्याला अशोकाचा शिलालेख. तो वाचायचाच या हट्टाने पोराने ब्राह्मीची अक्षरं स्वतःची स्वतः शिकून घेतली. पुढे मुंबईला डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्याकडे कामाला लागला. भाऊ दाजी हेही पेशाने वैद्य, इतिहास हा त्यांचा नाद. १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये पांडवलेण्यांवरचा जो सविस्तर भाग आहे तो भगवानलालांचा. ते गुजरातीत लिहीत, इतर कुणी इंग्रजी करून देई. शेवटी हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना मानाची डॉक्टरेट दिली.

या शिलालेखांत काय आहे, हे नाशिकच्या बहुतेकांना ठाऊक नसतं. पायऱ्या चढून दम लागलेला, फोटो काढायची घाई. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत संघटनेकडे, ३,००० कार्षापण ठेव म्हणून दिले. २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. अट अशी की मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

आता हिशेब करून पाहा. २,००० वर महिना शेकडा एक, म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. बरोबर जुळतो. मी हा हिशेब पहिल्यांदा लेण्यातच मोबाईलवर केला आणि शेजारच्या माणसाचा दंड धरून त्याला दाखवला. मुद्दल अबाधित ठेवायचं, उत्पन्नावर धर्मकार्य चालवायचं, आणि ही व्यवस्था सूर्य-चंद्र असेतो चालावी म्हणून दगडावर कोरून ठेवायची. आमच्याकडे वक्फ म्हणतात ते याहून फार वेगळं नाही. व्याजाचा भाग सोडला तर, हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निखालस बुडवला, असं ही म्हातारी राणी अभिमानाने सांगते. राजघराण्यातल्या आईचं बोलणं, थोडी अतिशयोक्ती धरून चालावं असं कुणीही म्हटलं असतं. पण जोगलटेंभीच्या हंड्याने तिच्या बाजूने साक्ष दिली. जावयाने ज्या राज्यात दानधर्म केला त्या राज्याच्या नाण्यावरच शत्रूचा शिक्का बसला. डोंगरातला लेख आणि नदीकाठचा साठा, मधे जेमतेम काही कोसांचं अंतर. साठा जोगलटेंभीला मिळाला हे ठिकाणच नोंदलं गेलं नसतं तर या दोन्हींचा सांधा इतक्या नेमकेपणाने जोडता आला नसता.

म्हणून आमच्या गटाचा एकच कडक नियम आहे: वस्तू उचलायची नाही, जागा लिहायची. गट म्हणजे काही नोंदणीकृत संस्था नाही. पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. एक शाळामास्तर, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, दोन इंजिनिअरिंगची पोरं, एक ताई शेतकी खात्यातल्या, असे पंधरा-वीस जण. त्यात मुसलमान मी एकटाच. खोदकाम करायचा आम्हाला अधिकार नाही, आणि तो नसावाच. उत्खननाला परवाना लागतो. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरच्या किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असा १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि तो अजून लागू आहे. आम्ही पृष्ठभागावर दिसतं ते टिपतो. शेताच्या बांधावरचा वीरगळ, विहिरीच्या काठाला लावलेली कोरीव शिळा, नांगरटीत वर आलेली खापरं. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवायची, उत्तर दिशा लिहायची, कुणाच्या शेतात ते लिहायचं, गावकरी त्याला काय म्हणतात तेही लिहायचं. गावकऱ्यांचं नाव कधीकधी पुस्तकातल्या नावापेक्षा जास्त सांगतं.

खेड्यापाड्यांत ‘पांढर’ हा शब्द म्हाताऱ्या माणसांना अजून माहीत आहे. काळी म्हणजे शेतजमीन, पांढर म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षं चुली पेटून, भिंती पडून, राख-शेण साचून तिथली माती फिकट होते आणि जागा उंचावते. ही माती शेतकऱ्याला धाब्यावर टाकायला, शेताला खत म्हणून हवी असते. ट्रॉलीने ती उपसली जाते आणि बरोबर अख्खं गाव उपसलं जातं. त्याहून वाईट म्हणजे गुप्तधनाचं वेड. वीरगळाखाली हंडा असतो, या एका समजुतीपायी किती शिळा उलथल्या गेल्या असतील याचा हिशेब नाही. बिचाऱ्या लढाईत मेलेल्या माणसाच्या दगडाखाली कोण कशाला सोनं पुरेल!

नाशिक शहराची पांढर म्हणजे जुन्या नाशकातली मातीची गढी. गोदावरीच्या उजव्या काठावर. त्याच परिसराला लोक काझीची गढी म्हणतात. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. त्याच सुमारास नगर जिल्ह्यात जोर्वे इथेही, आणि १९५५ साली दोन्हींचा अहवाल एकत्र निघाला. नाशिकच्या गढीत खालून वर चार काळ निघाले. तळाला ताम्रपाषाण युगातली गारगोटीची बारीक हत्यारं आणि रंगवलेली खापरं. वर इतिहासकाळाचा आरंभ, त्याच्यावर रोमशी व्यापाराच्या काळातला थर. म्हणजे उषवदाताच्या विणकरांचं नाशिक. आणि सर्वांत वर चौथा काळ, ज्याला अहवालात ‘मुस्लिम-मराठा’ असं जोडनाव आहे.

हे जोडनाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. दोघांना वेगळं काढता येईना, कारण मातीत वेगळं काही नव्हतंच. तीच चकाकी दिलेली भांडी, त्याच काचेच्या बांगड्या. कुठली बांगडी कुणाच्या हातातली, हे सांगायला सांकलियांसारख्या माणसाकडेही साधन नव्हतं. टीव्हीवरच्या चर्चेत ज्यांना हे दोन शब्द एका वाक्यात भांडणाशिवाय बोलता येत नाहीत, त्यांना हा अहवाल वाचायला द्यावा असं फार वाटतं. पण वाचणार कोण.

ही गढी आज ढासळते आहे. दर पावसाळ्यात तिचा कडा सुटतो. वर दाटीवाटीने घरं आहेत, गरिबांची. दर वर्षी घरं रिकामी करण्याच्या नोटिसा येतात, संरक्षक भिंतीची चर्चा होते, पाऊस ओसरला की चर्चाही ओसरते. आमच्यातल्या एका उत्साही पोराने एकदा म्हटलं, ही अतिक्रमणं हटवली पाहिजेत, एवढी महत्त्वाची साईट आहे. मी त्याला म्हटलं, दादा, ही साईट झालीच कशी? तीन हजार वर्षांत अधूनमधून लोक इथे राहिले, पडलेल्या घरावर पुन्हा घर बांधलं, म्हणून. आत्ता राहणारेही त्याच रांगेतले. त्यांना सुरक्षित जागा द्या आणि मग टेकडी राखा, या क्रमाने बोललात तर मी तुमच्या निवेदनावर सही करतो. त्याने निवेदन तसं बदललं. निवेदनाचं पुढे काही झालं नाही, ते सोडा.

नाण्यांकडे परत येतो. हौशी लोकांनी काय उभं करता येतं याचा नाशिकमधला उत्तम दाखला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला आहे. भारतीय मुद्राशास्त्र संशोधनाची एक संस्था १९८० च्या दशकात तिथे उभी राहिली. कमलकुमार माहेश्वरी हे मुळात संग्राहक, आणि परमेश्वरी लाल गुप्त हे स्वातंत्र्यचळवळ, पत्रकारिता, संग्रहालयं असा प्रवास करून आलेले नाणेतज्ज्ञ. या दोघांच्या पुढाकारातून डोंगराच्या पायथ्याशी नाण्यांचं संग्रहालय, ग्रंथालय आणि छापखान्यातून बाहेर पडलेली पुस्तकं अशी शिदोरी जमली. त्यातलं एक, माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाणी यांवरचं १९८९ चं पुस्तक, मला नेहमी हाताशी लागतं. कारण त्यात गुलशनाबाद आहे.

मुघल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. हे नाव आज उच्चारलं की काही जणांच्या कपाळाला आठी पडते, आणि आमच्यातले काही जण उगाच ते जोरात उच्चारतात. दोघांनाही एक रुपया दाखवावा. नाशिक मराठ्यांकडे आल्यानंतर इथल्या टांकसाळीत जे रुपये पाडले गेले त्यांवरही टांकसाळीचं नाव गुलशनाबाद असंच आहे, लिपी फारसी, आणि बादशहाचं नाव दिल्लीचं. पुण्याच्या टांकसाळीच्या रुपयावर मुहियाबाद पूना. होळकरांच्या चांदवडच्या रुपयावर जाफराबाद उर्फ चांदोर. पेशव्यांना मराठी येत नव्हतं काय? पण रुपया चालतो तो सावकाराच्या विश्वासावर, आणि सावकाराची बोटं ज्या अक्षरांना सरावली होती ती अक्षरं बदलून कुणाचं भलं होणार नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीनेसुद्धा १८३५ पर्यंत शाहआलमच्या नावाने रुपये पाडले. गौतमीपुत्राने शत्रूच्या चेहऱ्यावर घाव घातला, पेशव्यांनी जुना मजकूर तसाच ठेवला. दोन राज्यकर्त्यांच्या दोन रीती, दोन्ही याच गोदाकाठच्या.

गटात माझा उपयोग इथे सुरू झाला. बँकेतल्या काकांकडे वडिलोपार्जित सात-आठ रुपये होते. चाळीस वर्षं ते ‘उर्दू नाणी’ म्हणून डबीत पडून. मी मदरशात नाही शिकलो, पण आजोबांनी उर्दू वाचायला शिकवलं होतं, तेवढ्यावर फारसी अक्षरं लागतात. नाणं ठशापेक्षा लहान असल्याने अर्धी अक्षरं नाण्याबाहेर गेलेली असतात. ‘जुलूस मैमनत मानूस’ ही ठरलेली शब्दावली ओळखली की बाकीचं कुठे असायला हवं ते कळतं. एका रुपयावर ‘गुलशन’मधला गाफ, लाम आणि शीनचे तीन दात दिसले. काकांना दाखवले. म्हणाले, “म्हणजे हा आपल्या गावचा?” मग त्यांनी तो रुपया हातात घेऊन पुन्हा नव्याने पाहिला.

काकांचं ते वाचन मी करून दिलं, पण उलट बाजूने माझं ब्राह्मीचं वाचन त्यांनीच करून घेतलं. आणि खरोष्टी? ती उजवीकडून डावीकडे लिहितात. मूळ अरामी लिपीतून आलेली, म्हणजे अरबीची लांबची नातेवाईक. नहपानाच्या रुपेरी नाण्यावर ती अक्षरं उलट्या अंगाने चालताना दिसली तेव्हा मी गटातल्या सगळ्यांना सांगितलं की उजवीकडून लिहिणारे नाशिकला इस्लामच्या कितीतरी आधी येऊन गेलेत.

पण नाणी सोपी, कारण ती डबीत राहतात. दगड अवघड. जिल्ह्यातल्या गाळणा किल्ल्यावर फारसी लेख आहेत. चांदवडजवळ इंद्राईच्या वाटेवर खडकात कोरलेला फारसी लेख आहे. शाहजहानसाठी अलावर्दी खानाने हे डोंगरी किल्ले घेतले, त्या १६३६ च्या सुमारच्या मोहिमेची आठवण. गडावर जाणाऱ्या मराठी पोरांना हे दगड कुठे आहेत ते तोंडपाठ. त्यांना फारसी येत नाही. ज्यांच्या घरात अजून थोडीबहुत फारसी-उर्दू उरली आहे ते गडावर जात नाहीत. गड आपले नव्हेत असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय, किंवा त्यांनीच स्वतःला. ग. ह. खरे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात बसून फारसी शिकले आणि ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ खंडाखंडाने छापत राहिले. ते मंडळही १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी हौसेनेच काढलेलं. तेव्हा फारसी न येणारा मराठी इतिहासकार अपुरा समजला जाई.

आमच्या लोकांचंही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. शहरातल्या एका जुन्या मशिदीत दारावर कोरीव दगड होता. मी लहानपणी पाहिलेला. दोन वर्षांपूर्वी कागद-टॉर्च घेऊन गेलो तर तिथे चकचकीत हिरव्या फरशा. जबाबदार बुजुर्गांना विचारलं, “चाचा, वो पत्थर?” ते म्हणाले, “बेटा, पीछेच है, दीवार में. निकाला नहीं हमने.” काढला नाही, ही त्यांच्या मते दगडाची कदर होती. वीरगळावर शेंदूर थापणारे गावकरी हेच म्हणतात, आम्ही तर पूजा करतो. एकीकडे शेंदूर, दुसरीकडे फरशी, दोन्हीखाली अक्षरं गप्प. चाचांशी भांडून उपयोग नव्हता. मी त्यांच्याकडून फरशी लावण्याआधीचा लग्नाचा एखादा फोटो कुणाकडे आहे का, याची चौकशी केली. तिघांकडे निघाले. एकात वरातीच्या मागे दगडाचा डावा अर्धा भाग दिसतो, नवरदेवाच्या सेहऱ्याने उरलेला झाकलाय. दोन शब्द लागले आहेत, साल लागत नाही.

सध्या आम्ही जिल्ह्यातल्या अशा फारसी-अरबी दगडांची एक वही करतो आहोत. ठिकाण, माप, फोटो, कुणी वाचला असेल तर वाचन, नसेल तर रिकामी ओळ. दगडावर पीठ किंवा खडू चोळायचा नाही, पाणी मारायचं नाही; संध्याकाळी बाजूने टॉर्च तिरका धरायचा, अक्षरं आपोआप उठतात. आत्तापर्यंत एकोणीस नोंदी झाल्या, त्यातल्या अकरांपुढची ओळ रिकामी आहे. न लागलेल्यांचे फोटो आम्ही नागपूरला पाठवणार आहोत. अरबी-फारसी शिलालेखांचं पुरातत्त्व खात्याचं कार्यालय तिथे आहे. माझ्या भाचीने, जी अकरावीत आहे आणि उर्दू माध्यमात शिकली, चार नोंदी वाचून दिल्या. दिवाळीच्या सुट्टीत ती इंद्राईला येते म्हणाली आहे. तिच्या अम्मीची परवानगी अजून मिळायची आहे. शेतकी खात्यातल्या ताई त्यासाठी येत्या जुम्म्यानंतर आमच्या घरी यायच्या आहेत.